बर्नाडेट एत्चार्ट आणि निरुपयोगी हँडलचे वजन

१५ मे १९८४ रोजी अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने इंगे टेल्नेस यांच्या नावे ४४४८४१९ क्रमांकाचे पेटंट मंजूर केले. भाषा रुक्ष आहे, आशय मात्र साधा आहे. जुगाराच्या यंत्रातील चाके कुठे थांबायची हे यापुढे चाके ठरवणार नाहीत. आत बसवलेली चिप एक आकडा निवडील, आणि तो निकाल चाके फिरून-फिरून, जणू आपल्याच मनाने, जाहीर करतील. विज्ञानाने अशा रीतीने माणसाच्या हाताला सेवानिवृत्त केले. निरोपसमारंभ मात्र झाला नाही. तो झाला असता, तर हाताला हे कळले असते, आणि हात दुसऱ्या दिवसापासून आला नसता.

रीनोच्या 'कॉपर लँटर्न' कॅसिनोत बर्नाडेट एत्चार्ट हिचे काम नेमके हेच होते: हाताला कळू न देणे.

तिचा जन्म १९२९ चा. वडील बास्क मेंढपाळ. स्पेन-फ्रान्स सीमेवरच्या पिरेनीज डोंगरातून येऊन नेव्हाडाच्या माळावर त्यांनी परक्यांच्या मेंढ्या हाकल्या. मुलगी विसाव्या वर्षी 'कॉपर लँटर्न'मध्ये कमरेला थैली बांधून सुटी नाणी वाटू लागली. पुढे ती कार्यशाळेत कशी शिरली याच्या पाच कथा प्रचलित आहेत. मौखिक परंपरेचा नियम असा, की साक्षीदार जितका लांब उभा होता, तितके त्याला स्पष्ट आठवते. पाचही कथांत समान असलेला भाग तेवढा इथे घेतला आहे.

त्या काळी यंत्रे निव्वळ लोखंडी होती: हँडल ओढले की स्प्रिंग ताणली जाई, आणि एक लहान घड्याळ एकेक चाक ठरावीक अंतराने थांबवी. ही ठरावीकता काही चतुर मंडळींच्या ध्यानात आली. योग्य ठेक्यात हँडल ओढले तर हवे ते चित्र हव्या त्या वेळी रेषेवर आणता येत असे. मालकांनी खिशांची झडती घेतली, बुटांत चुंबक शोधले, एकाचा तर कानही तपासला. बर्नाडेट नाणी देता देता म्हणाली, "अहो, ते मोजतायत. त्या माणसाच्या मागे उभं राहिलं की माझे पाय आपोआप नाचायला लागतात."

बास्क जत्रेत नाचणाऱ्या मुलीला ठेका ऐकू आला, त्यात नवल नाही. तो पगारी तज्ज्ञांपैकी एकालाही ऐकू आला नाही, याचे नवलही त्या तज्ज्ञांखेरीज कोणाला वाटले नाही. तिला कार्यशाळेत घेतले गेले. पुढची बरीच वर्षे ती त्या घड्याळांत अनियमितपणा बसवत राहिली. हँडल ओढणाऱ्याच्या हाताला यंत्रात काहीही ठरवता येऊ नये, ही तिची पहिली नोकरी.

दुसरी नोकरी १९८५ च्या वसंतात सुरू झाली, त्याच पगारावर.

त्या वसंतात चिपची यंत्रे आली. त्यांना समोर बटण होते आणि उजव्या अंगाला, केवळ जुन्या ओळखीखातर, हँडलही होते. बटण दाबा नाहीतर हँडल ओढा, दोन्हींनी आत एकच खटका पडे. कारखान्याने हँडलमागे एक नाजूक स्प्रिंग दिली होती. करंगळीने ओढता येईल असे ते हँडल अभियंत्यांना प्रगतीचे लक्षण वाटले असावे. नेहमीच्या गिऱ्हाइकांचे मत वेगळे होते.

"हे पोकळ आहे," एका निवृत्त रेल्वे गार्डाने पहिल्याच दिवशी जाहीर केले. "ओढलं तर हातात काही येतच नाही. असलं मशीन देणार काय, कपाळ?"

"मग बटण दाबा की आजोबा," दालनातली नाणीवाली म्हणाली.

"बटण लिफ्टमध्ये दाबतात, पोरी."

यंत्र आधीच्याइतकेच देत होते. कागदोपत्री तर किंचित जास्तच. पण रीनोच्या माणसाचा कागदावर विश्वास नव्हता, दंडावर होता. महिनाभरात नव्या यंत्रांपुढच्या खुर्च्या ओस पडल्या. व्यवस्थापक ड्वाइट कॅसल्टन हा वयाने तिशीतला आणि आत्मविश्वासाने पन्नाशीतला गृहस्थ कार्यशाळेत आला.

"बर्नी, याला वजन दे."

"कशाला? ते काही करत नाही."

"म्हणूनच तर. जे काही करत नाही, ते निदान जड तरी हवं. माझ्यावरच्या लोकांकडे बघ."

हा त्याच्या कारकिर्दीतला एकमेव विनोद असावा, आणि तो त्याने गंभीरपणे केला होता.

बर्नाडेटने काम मनावर घेतले. हँडलच्या मुळाशी तिने तेलाने भरलेली नळी आणि तीत सरकणारा दट्ट्या बसवला. तेल जितके दाट, तितके हँडल हट्टी. दोनतृतीयांश अंतरावर तिने एक दात ठेवला, म्हणजे हाताला 'आता आतलं काहीतरी सुटलं' असा भास होई. परतीला हँडल क्षणभर रेंगाळे. प्रत्येक जुळवणीसाठी तिने एक कार्ड लिहिले. अशी दोनशे सहा कार्डे आज उपलब्ध आहेत. तेलाची जात, स्प्रिंगचा क्रमांक आणि शेवटी स्पर्शाचे वर्णन असा त्यांचा क्रम. 'पावसाने फुगलेला दरवाजा.' 'ओढून नेताना पाय रोवणारी मेंढी.' 'दवाखान्याचे दार: फार सोपे, पुन्हा करणे.' एकशे अठरा यंत्रांची हँडले तिने हाताने जुळवली, आणि ज्या वस्तूला काही काम नव्हते तिला तिने अशी जबरदस्त प्रकृती दिली की गार्डसाहेब परतले. "आता कसं," ते म्हणाले, "आता वाटतं बाबा, आत कोणीतरी आहे."

या यशाचा हिशेब कोणी एका उजव्या खांद्याशी ताडून पाहिला नाही. तो खांदा लोरीन टिबेट्सचा.

लोरीन ही शाळेतून निवृत्त झालेली स्वयंपाकीण. ओपल हॅस्क्यू तिची तीस वर्षांपासूनची मैत्रीण. दर मंगळवारी लोरीन आपली जुनी गाडी काढायची, ओपलला तिच्या दारातून गाडीत घ्यायची, आणि दोघी 'कॉपर लँटर्न'च्या मधल्या रांगेत बसायच्या. ओपलला गाडी चालवता येत नसे. लोरीनचा खांदा मोठाली भांडी उचलून आखडला होता. हात खांद्यापर्यंत वर जाई, पण ओढायला जोर लागला की कळ मस्तकात जाई. जुन्या यंत्रांवर ती कसेबसे निभावी. बर्नाडेटच्या हँडलपुढे तिने हात टेकले. तेव्हापासून नाणी लोरीन टाकायची आणि हँडल ओपल ओढायची.

बटण लोरीनच्या नाकासमोर होते. ते वापरायला ती कधीच राजी झाली नाही. बटणाने यंत्र कमी देते, हे त्या रांगेत सर्वांना ठाऊक होते. ते कोणी सांगितले, हे मात्र एकालाही ठाऊक नव्हते.

त्या रांगेच्या वर एका फिरत्या चौथऱ्यावर किरमिजी रंगाची चारदारी मोटार ठेवली होती. मधल्या रांगेतील यंत्रावर तीन मोटारी एका रेषेत आल्या की ती जिंकणाऱ्याची. मोटार दोन वर्षे रात्रंदिवस गोल फिरत होती. बसल्या जागी तिने जेवढे अंतर कापले, तेवढे पुढे रस्त्यावर कापल्याची नोंद नाही.

१४ ऑक्टोबर १९८६, मंगळवार, दुपारचे अडीच. लोरीनने तीन नाणी टाकली.

"ओढ."

"थांब गं, नाक शिंकरते."

"तुझ्या नाकापायी माझी वेळ जायची. ओढ म्हणते ना!"

ओपलने रुमाल खिशात घातला आणि ओढले. एक मोटार, दुसरी मोटार, तिसरी मोटार. घंटा वाजली, दिवे लागले. चौथरा फिरायचा थांबला, आणि काही वृद्धांना त्यामुळे घेरी आल्याचे सांगतात. दोघींनी मिठी मारली. ही मिठी कॅसिनोच्या छायाचित्रकाराने टिपलेली आहे; दालनातला अधिकारी फॉर्म घेऊन आला ती वेळ पाहता, ती साधारण चार मिनिटे टिकली.

"अभिनंदन. हँडल कोणी ओढलं?"

"हिनं," लोरीन म्हणाली. "पण नाणी माझी."

"नाव सांगा बाई," अधिकारी ओपलकडे वळला.

"माझं कशाला लिहितोयस रे? तिचं लिही," ओपल म्हणाली. मग तिने मोटारीकडे पाहिले. "म्हणजे... नियम काय आहे तुमचा?"

नियम भिंतीवर, पाणपोईच्या वर छापलेला होता: हँडल ओढणारी किंवा बटण दाबणारी व्यक्ती हीच खेळाडू. दोघींनी तो वाचला. लोरीनने मोठ्याने वाचला, ओपलने मनात.

"ओपल, तू याला हो म्हणणार आहेस?"

"मी कुठे काय म्हणतेय? भिंतच म्हणतेय."

लोरीनने राज्याच्या जुगार-नियंत्रण कार्यालयात तक्रार केली. तक्रार तिने स्वतःच्या अक्षरात लिहिली आहे, आणि तिच्यातला युक्तिवाद आजही निर्दोष वाटतो. पुतण्याने तिला सांगितले होते की या यंत्रांत सगळे चिप ठरवते. हँडल काहीच करत नसेल, तर ते ओढणारीने काहीच केले नाही. काही केले असेल तर ते नाण्यांनी केले. नाणी माझी. म्हणून मोटार माझी.

या सरळ तर्काने कॅसल्टनची झोप उडाली. मोटार कोणाला जाते याचे त्याला सोयरसुतक नव्हते. पण 'हँडल काहीच करत नाही' हे वाक्य सरकारी कागदावर उमटले असते, तर गार्डसाहेबांसारख्या शेकडो दंडांचे काय झाले असते? साक्षीला बर्नाडेटला बोलावले आहे असे कळताच तो कार्यशाळेत हजर झाला.

"ते विचारतील, हँडल काही करतं का. तू हो म्हणायचं."

"ते खटका पाडतं. बटणासारखंच."

"म्हणजे करतंच ना काहीतरी!"

"ड्वाइट, मी शपथेवर बोलणार आहे."

"मग शपथेवर हो म्हण." त्याने खिशातून एक पत्रक काढले. "वसंतात दोनशे चाळीस नवी यंत्रं घ्यायचीयत. कारखाना बिनहँडलची स्वस्त देतोय. वरच्यांना तीच हवीत. मी म्हटलं, आमच्या लोकांना हँडल लागतं. तुझी साक्ष नीट झाली तर हँडलवाली येतील, आणि हे टेबल राहील. नाही झाली, तर हे टेबल कशासाठी, हे मला वरच्यांना सांगता येणार नाही."

तिच्या टेबलावर तेव्हा सात नळ्या उघड्या पडल्या होत्या. सत्तावन्न वर्षांच्या बाईला दुसरे कोणतेही काम येत नव्हते असे नाही. पण या कामात तिच्या तोडीचे दुसरे कोणी नव्हते, कारण हे काम जगात दुसरे कोणी करतच नव्हते.

सुनावणी २० नोव्हेंबरला झाली. अधिकारी श्री. पेंडरग्रास हे सावकाश बोलणारे, आणि त्याहून सावकाश ऐकणारे गृहस्थ होते. टंकलिखित इतिवृत्ताची बावीस पाने आहेत.

"मिसेस टिबेट्स, आपल्यासमोर बटण होतं. ते आपण का दाबलं नाहीत?"

"बटणानं देत नाही ते."

"आपलंच म्हणणं आहे की सगळं चिप ठरवते. मग बटण काय आणि हँडल काय?"

"ते तुमच्यासाठी, साहेब. खेळताना असं चालत नाही."

पुढच्या खुर्चीवर बर्नाडेट बसली. पेंडरग्रास यांनी चष्मा पुसला आणि विचारले, "मिस एत्चार्ट, हँडल ओढल्याने निकालावर परिणाम होतो का?"

इतिवृत्तात तिचे उत्तर असे आहे:

"साहेब, ती चिप कोणी खेळत नसतानाही सतत आकडे बदलत असते. सेकंदाला शेकडो. हँडल ओढलं की त्या क्षणी जो आकडा असेल, तो धरला जातो. ओपलनं पापणी लवण्याइतकं जरी आधी ओढलं असतं, तर दुसरा आकडा आला असता. नाक न शिंकरता ओढलं असतं, तरी दुसराच."

"म्हणजे हातानं ठरवलं?"

"हाताच्या वेळेनं ठरलं. हाताला काही माहीत नव्हतं."

"मिसेस टिबेट्स यांनी बटण दाबलं असतं तर?"

"तर तिच्या बोटाच्या वेळेनं ठरलं असतं. आणि मोटार तिची झाली असती, किंवा काहीच आलं नसतं. बहुतेक काहीच आलं नसतं."

हे उत्तर शब्दशः खरे होते. ते टेबल वाचवणारेही होते. दोन्ही गुण एकाच वाक्यात आले की लोक त्यातला एकच ऐकतात. पेंडरग्रास यांनी मोटार ओपलला दिली. गावच्या वर्तमानपत्राने मथळा दिला: 'हातच ठरवतो: तंत्रज्ञ महिलेची ग्वाही'. कॅसल्टनने तो मोठा करून दारावर लावला आणि हँडलवाल्या यंत्रांची मागणी तयार करवली. पुढचे दोन आठवडे ठेका मोजणाऱ्यांनी मधली रांग गजबजून गेली. पस्तीस वर्षांपूर्वी बर्नाडेटने ज्यांना हरवले होते, त्यांची नातवंडे आता तिचीच ग्वाही तोंडात घोळवत सेकंदाच्या शंभराव्या भागावर नेम धरत होती.

मोटार ओपलच्या अंगणात उभी राहिली. ओपलला चालवता येत नसे. जिला येत असे, ती दारात येत नसे.

नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी लोरीन बास्क खानावळीत गेली. बर्नाडेट तिथे आठवड्यातून चारदा जेवायची. लांब टेबल, अनोळखी शेजारी, सूपचे एकच मोठे भांडे. लोरीन तिच्या समोरच्या बाकावर बसली. शेजारच्या एका वृद्ध मेंढपाळाने हे संभाषण ऐकले. सूप दोघींच्या मधून त्यालाच पुढे सरकवावे लागत असल्याने त्याच्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

"तू खोटं बोलली नाहीस," लोरीन म्हणाली. "मी भांडायला आले नाही."

"सूप घे."

"एक सांग. ते हँडल एवढं जड का केलंस?"

"लोकांना जड हवं होतं."

"कुठल्या लोकांना? मला विचारलं होतंस?"

बर्नाडेटने राजम्याचे भांडे पुढे सरकवले.

"पहिलं आलं तेव्हा ते हलकं होतं, बर्नी. महिनाभर मी स्वतः ओढलं. करंगळीनं. मला वाटलं, चला, एकदाचा कोणीतरी माझ्या खांद्याचा विचार केला. मग एका मंगळवारी आले, तर ते हलेचना. मी म्हटलं, ओपल, ओढ गं बाई." तिने चमचा खाली ठेवला. "ते काहीच करत नव्हतं ना? मग जड करायचं कशाला?"

"हातात काहीतरी यावं म्हणून."

"माझ्या हातात काय आलं ते बघ."

मेंढपाळाच्या म्हणण्याप्रमाणे यानंतर दोघींनी मटण घेतले आणि हवामानावर बोलल्या. लोरीन आपल्या जुन्या गाडीने एकटीच घरी गेली.

डिसेंबर १९८६ ची कार्डे एका बाबतीत वेगळी आहेत. दरवाजे नाहीत, मेंढ्या नाहीत. स्पर्शाच्या रकान्यात एकच शब्द आहे: 'हलके'. एकशे अठरा कार्डे, एकशे अठरा वेळा. जानेवारीत गार्डसाहेबांनी पुन्हा 'पोकळ' हा शब्द उच्चारला, आणि फेब्रुवारीत रांगा विरळ झाल्या. कॅसल्टनला विचारण्यात आले, की गिऱ्हाइकांना हँडल लागते असे तुम्ही लिहिले होते, मग हे काय? त्याने वरिष्ठांच्या प्रश्नाला वरिष्ठांना आवडणारे उत्तर दिले. मागणीपत्रातील 'हँडलसह' या शब्दावर रेघ मारली गेली. मार्चमध्ये दोनशे चाळीस यंत्रे आली, बटणवाली. कार्यशाळेतले ते टेबल रंगाचे डबे ठेवायला गेले. बर्नाडेट १९९४ पर्यंत चाव्या देण्या-घेण्याच्या खिडकीत बसली, आणि २००३ मध्ये वारली. मृत्युलेखात तिचा व्यवसाय 'कारकून' असा आहे.

काही गोष्टी अजून माहीत नाहीत, आणि त्या माहीत असल्याचा आव आणण्यात अर्थ नाही. तिने तेल जाणूनबुजून पातळ केले का, हे ठरवता येत नाही. कार्डांवर 'हलके' हा शब्द आहे, कारण नाही. आणि त्याच महिन्यात कॅसिनोने तेलाचा पुरवठादार बदलल्याची पावतीही सापडते. म्हणजे 'हलके' हा निर्णय असेल, किंवा नुसती तक्रार. हँडल हलके झाल्याने गिऱ्हाईक गेले, की दारासमोर अकरा आठवडे चाललेल्या गटाराच्या खोदकामाने, हेही सांगता येत नाही. दोन्ही एकाच वेळी घडले. ओपलने मोटारीचे काय केले, याचा कागद मिळालेला नाही. आणि त्या डिसेंबर ते मार्च या काळात लोरीन टिबेट्स मधल्या रांगेत परत येऊन स्वतःच्या हाताने हँडल ओढून गेली का, हे विचारायला सुचले, तोवर सांगू शकेल असे कोणी उरले नव्हते.